सात वर्षांच्या मुलीचा घरचा अभ्यासक्रम : चोपडा तालुक्यातील एक प्रकरण

मागच्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात चोपडा तालुक्यातील तापीकाठच्या एका गावातून एक आई आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आल्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये ३१ वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग शिकवले असल्यामुळे पंचक्रोशीतील पालक अधूनमधून येत असतात. परंतु या आईंचा प्रश्न मला पूर्वी कोणी विचारला नव्हता. मुलीला एक वर्ष शाळेत न पाठवता घरीच शिकवायचे घरात ठरले होते आणि त्या वर्षाचा अभ्यासक्रम कसा आखावा, एवढेच त्यांना विचारायचे होते.

मुलीचे वय तेव्हा ७ वर्षे २ महिने होते. तालुक्याच्या गावातील एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत बालवर्ग आणि पहिली करून ती दुसरीत गेली होती. सकाळी पावणेसातला गाडीत बसायचे आणि दुपारी तीनला उतरायचे, हा तिचा दिनक्रम होता. आईंनी पिशवीतून वह्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. वह्या सुबक होत्या, पानन् पान भरलेले होते, खाली लाल शाईची बरोबरची खूण होती. मी एका ओळीवर बोट ठेवून, येथे काय लिहिले आहे, असे मुलीला विचारले, तेव्हा तिने ओळीकडे न पाहता आईकडे पाहिले. फळ्यावरचे चित्र जसेच्या तसे उतरवावे तशी तिने दोन वर्षे अक्षरे उतरवली होती. तिला वाचता इंग्रजी येत नव्हते आणि मराठीही येत नव्हते.

घर सहा माणसांचे आहे. साडेचार एकर केळी आणि तीन एकर कापूस आहे. वडील बारावीपर्यंत शिकलेले, आई कला शाखेच्या पदवीधर, आजी निरक्षर, काका व त्या मुलीचा तीन वर्षांचा धाकटा भाऊ. घरात सगळे अहिराणी बोलतात. गावातच चौथीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा आहे आणि ती घरापासून पाच मिनिटांच्या अंतरावर आहे. म्हणून मी प्रथम, मुलीला तेथे का घालत नाही, हाच प्रश्न विचारला. माझे आयुष्य त्या शाळांमध्ये गेले आहे आणि घरी शिकवणे हा बहुतेक कुटुंबांसाठी चांगला मार्ग आहे, असे मला आजही वाटत नाही. आई म्हणाल्या, ‘‘बाई, दप्तर दिसले की हिच्या पोटात दुखायला लागते. एक वर्ष हिला जरा मोकळी होऊ द्या, मग गावच्या शाळेत नक्की घालू.’’ हे शब्द मी लिहून ठेवले, कारण त्यांत वर्षाचा हेतूही होता आणि मुदतही होती.

कायद्याची बाजू मी पहिल्याच भेटीत समजावून सांगितली. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ सालचा असून तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणे हे त्याच्या कलम १० नुसार पालकांचे कर्तव्य आहे. न घातल्यास पालकांना दंड करण्याची तरतूद त्यात नाही, परंतु घरी शिकवण्याची वेगळी सोयही त्यात लिहिलेली नाही. पालकांच्या उपयोगाचे कलम ४ हे आहे. त्यानुसार सहा वर्षांवरील जे मूल शाळेत दाखल झालेले नाही किंवा ज्याचे शिक्षण मध्येच सुटले आहे, त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेले भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचाही त्याला हक्क असतो. म्हणजे ही मुलगी पुढच्या जूनमध्ये गावच्या शाळेत थेट तिसरीत बसू शकणार होती. जुन्या शाळेने फी बाकी असल्याचे सांगून दाखला अडवून धरला होता. दाखला मिळायला उशीर झाला या कारणावरून सरकारी वा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हे मी सांगितल्यावर वडिलांच्या जिवात जीव आला. आणखी पुढचा मार्ग म्हणून, राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाकडून वयाची १० वर्षे पूर्ण झाल्यावर पाचवीची परीक्षा देता येते आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे अ, ब, क हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी व आठवीच्या तोडीचे मानले जातात, हेही त्यांना सांगितले. पण या प्रकरणात त्याची गरज पडणार नाही, अशी माझी अटकळ होती. गावच्या मुख्याध्यापकांना भेटून सगळे उघडपणे सांगावे, ही एकच अट मी घातली. शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण करणारे शिक्षक दारात आले की कुटुंबाने तोंड लपवू नये, एवढाच त्यामागे हेतू होता.

पहिला तक्ता

आईंनी एक तक्ता आधीच तयार करून आणला होता. मराठी, इंग्रजी, हिंदी, गणित, परिसर अभ्यास, चित्रकला, सामान्य ज्ञान आणि संगणक असे आठ विषय त्यात होते. सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीनपर्यंत चाळीस-चाळीस मिनिटांच्या तासिका होत्या आणि मधली सुटीसुद्धा होती. तो मी त्याच दिवशी बाजूला ठेवायला सांगायला हवे होते. त्या माउलीने रात्री जागून पट्टीने रेघा मारलेल्या पाहून माझे मन धजले नाही, आणि त्यामुळे मुलीचे तीन आठवडे वाया गेले.

१५ जूनला तक्ता भिंतीवर लागला. पहिले चार दिवस सारे नीट चालले. मग पाऊस झाला, कापसाची लागवड सुरू झाली, मजुरांच्या भाकरी थापायच्या, धाकट्याला सांभाळायचे आणि त्यातच अकरा वाजता हिंदीची तासिका घ्यायची, असे आईंचे होऊ लागले. बुडालेल्या तासिका संध्याकाळी भरून काढल्या जाऊ लागल्या, मुलगी रडू लागली आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिचे पोट पुन्हा दुखायला लागले. शाळेतून सोडवून आणलेली गोष्टच घरात येऊन बसली होती.

तासांचा हिशेब येथे मांडणे आवश्यक आहे, कारण घरी शिकवू पाहणारे जवळजवळ सगळेच पालक तेथे चुकतात. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन धरले आहे, म्हणजे दिवसाला चार तास. ते चार तास वर्गाचे असतात. तीस मुलांची हजेरी, वह्या तपासणे, एकाला समजेपर्यंत दुसऱ्याने थांबणे, हे सगळे त्यात येते. समोर एकच मूल असेल आणि शिकवणाऱ्याचे सगळे लक्ष त्याच्यावर असेल, तर सात वर्षांच्या मुलासाठी बसून करायचा अभ्यास दीड तास पुरतो, तोही दोन-तीन तुकड्यांत. उरलेला वेळ रिकामा जात नाही, घर चालू असते आणि मूल त्या घरात असते.

एक सकाळ मुलीबरोबर

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी स्वतः त्यांच्या घरी गेले आणि पुस्तक न उघडता एक सकाळ मुलीबरोबर घालवली. तिला काय येते ते आधी पाहायचे, इयत्ता नंतर पाहायची, असे मी ठरवून गेले होते.

तिने मला विहिरीत पडलेल्या धामणीची गोष्ट सांगितली. गोष्ट अहिराणीत होती, दहा-बारा मिनिटे चालली आणि तिला आरंभ, मध्य, शेवट सगळे होते. बांधावरच्या वीस-बावीस झाडाझुडपांची नावे तिने न थांबता घेतली. गल्लीतल्या दुकानात वीस रुपये देऊन चौदा रुपयांचा जिन्नस घेतला तर किती परत येतील, हे तिने तोंडी लगेच सांगितले. हीच वजाबाकी कागदावर मांडून दिली तेव्हा तिला करता आली नाही. शंभरपर्यंतचे इंग्रजी अंक ती गाण्यासारखे म्हणून दाखवी, पण मध्येच थांबवून, सत्तेचाळीस म्हणजे किती गं, असे विचारले की गप्प होई. देवनागरी अक्षरांपैकी २२ तिने ओळखली, जोडाक्षर एकही ओळखले नाही. मी पाटीवर १९ लिहिले, तर तिने ते इंग्रजीत नव्व्याण्णव म्हणून वाचले. क्षणभर मला उमगले नाही. मग लक्षात आले की देवनागरी १ तिला इंग्रजी नऊसारखा दिसत होता आणि ९ ला तिने संदर्भावरून नऊच म्हटले होते. तिच्या जुन्या शाळेत देवनागरी अंक तिच्यापुढे कधी आलेच नव्हते. या मुलीला दुसरीचे गणित येत नाही असा शेरा लिहिणे सोपे होते. तो शेरा साफ खोटा ठरला असता.

त्या सकाळच्या नोंदी वहीच्या दीड पानात मावल्या. पुढच्या नऊ महिन्यांची आखणी त्या दीड पानांवरून झाली.

काय ठेवले, काय सोडले

आठांपैकी तीनच गोष्टी ठेवायच्या, असे मी सुचवले : मराठी वाचन-लेखन, संख्या आणि वावराची, म्हणजे शेतातल्या रोजच्या नोंदींची, वही. हिंदी, संगणक व सामान्य ज्ञान पूर्ण सोडले. चित्रकला हा वेगळा विषय न ठेवता वावराच्या वहीत घातला. इंग्रजीवरून मात्र घरात बराच खल झाला. वडिलांचे म्हणणे असे की दोन वर्षे फी भरून जे थोडेफार कमावले तेही जाईल. माझे म्हणणे असे की एका लिपीत वाचणे जमले की दुसरीत ते लवकर जमते, आणि जिला एकही लिपी येत नाही तिला दोन एकदम देणे म्हणजे दोन्ही डगरींवर पाय ठेवायला लावणे आहे. शेवटी दिवाळीपर्यंत इंग्रजी केवळ तोंडी, रोज दहा मिनिटे, तेही वडिलांनीच घ्यायचे, यावर तोडगा निघाला. वडिलांनी ते दहा मिनिटे अखेरपर्यंत सांभाळले, हे येथे मुद्दाम नोंदवते.

रोजची वेळ घराच्या घड्याळाप्रमाणे ठरली. सकाळी पाण्याची वेळ आटोपल्यावर चाळीस मिनिटे वाचन, दुपारी धाकटा झोपला की अर्धा तास गणित, संध्याकाळी दिवाबत्तीनंतर आईंनी वीस मिनिटे मोठ्याने वाचून दाखवणे. जुलै ते एप्रिल या काळाचे सहा-सहा आठवड्यांचे सहा भाग पाडले आणि प्रत्येक भागानंतर एक आठवडा मोकळा ठेवला. त्या आठवड्यात नवीन काही शिकवायचे नाही, मागचे पाहायचे आणि पुढचे ठरवायचे. पोळा, कापसाची वेचणी, लग्नसराई या गोष्टी आधीच हिशेबात धरल्या. मार्चअखेरीस आपल्याकडे ऊन असे तापते की दुपारचे गणित शक्य नसते. म्हणून शेवटच्या भागात सगळे सकाळी साडेसहाला हलवले.

पुस्तके बालभारतीची पहिली व दुसरीचीच घेतली. ती संकेतस्थळावर मोफत उतरवता येतात, आणि मूल पुढे ज्या शाळेत जाणार तेथे तीच असणार. बाजारातील महागडे संच घेऊ नयेत, असे मी स्पष्ट सांगितले. मात्र पुस्तक हा अभ्यासक्रम नव्हे. धडे क्रमाने संपवायचे नाहीत, तर आपल्या आखणीत ज्या जागी जो धडा बसेल तो तेथे घ्यायचा, हे आईंच्या गळी उतरायला बरेच दिवस लागले.

वडिलांनी सहलींची मोठी यादी केली होती. अजिंठा, जळगावचे गांधीतीर्थ, चाळीसगावजवळची पाटणादेवी. पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याचा उल्लेख आहे आणि मुलीने तो पाहावा, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. ती यादी मी चौथीसाठी राखून ठेवायला सांगितली. सात वर्षांच्या मुलीला तापीचा घाट, आठवडे बाजार आणि अडावदजवळच्या उनपदेवचा गरम पाण्याचा झरा, एवढे एका वर्षाला भरपूर होते.

वाचन : अहिराणीच्या उंबऱ्यावरून

घरची भाषा अहिराणी आणि पुस्तकाची भाषा प्रमाण मराठी, हे अंतर खानदेशातील शिक्षकाला रोज दिसते. तरीही अनेक वर्गांत ते मुलाची चूक म्हणून मोजले जाते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा वा मातृभाषा हे माध्यम असावे, असे म्हटले आहे. या घरात ते करून पाहणे आपल्याच हाती होते.

मुलगी बोलेल ते वाक्य आईंनी तिच्या देखत मोठ्या अक्षरांत जसेच्या तसे लिहायचे आणि मुलीने ते वाचायचे, येथून आरंभ केला. पहिल्या दिवशी तिने सांगितले, ‘पानी उना. आजी वावरमा गयी.’ आईंनी लिहिले. मुलीने बोट ठेवत वाचले, आणि आपण बोललेले कागदावर उतरते व तेथून पुन्हा तोंडात येते, हे तिला कळले तेव्हा तिने ती दोन वाक्ये आठ-नऊ वेळा वाचली. धाकट्याला धरून वाचून दाखवली. दोन वर्षे अक्षरे गिरवूनही तिला हे कोणी दाखवले नव्हते. दोन आठवड्यांनी वहीच्या समोरच्या पानावर त्याच वाक्यांचे पुस्तकी रूप येऊ लागले : ‘पाऊस आला. आजी शेतात गेली.’ डावे पान घरचे, उजवे पान पुस्तकाचे. डाव्या पानावर काही खोडायचे नाही, हा नियम मी घातला. आईंना तो जड गेला, कारण पाहुण्यांनी वही पाहिली तर काय म्हणतील, ही धास्ती त्यांना होती. पुढे मुलगी स्वतःच ‘उना’चे ‘आला’ करू लागली आणि ‘गयी’ला ‘गेली’ हे कुठे म्हणायचे व कुठे नाही, हेही तिला उमजू लागले.

आजी निरक्षर म्हणून अभ्यासातून बाजूला राहत होत्या. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती, त्यांची गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी टिपून ठेवली म्हणून आपल्याला मिळाली, हे मी त्यांना सांगितले आणि नातीला तुमची आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी लिहून घेऊ द्या, अशी विनंती केली. झोक्यावरची चार गाणी त्या वर्षात वहीत उतरली. त्या गाण्यांत जोडाक्षरे फार नसतात आणि ओळी फिरून फिरून येतात. वाचायला शिकणाऱ्या मुलासाठी याहून सोयीचा पाठ मला सुचला नसता.

एकोणचाळीस

संख्यांमध्ये खरी अडचण नावांची होती. ऑगस्टमधील एका दुपारी मी गेले असता आई संख्या सांगत होत्या व मुलगी लिहीत होती. ‘एकोणचाळीस’ म्हटल्यावर तिने ४९ लिहिले. आईंनी खोडायला लावले, तिने पुन्हा ४९ लिहिले आणि पेन्सिल ठेवून दिली. तिला चाळीस ऐकू आले, म्हणून चार. शेवटी नऊ असते हे ठाऊक, म्हणून नऊ. तिच्या बाजूने विचार केला तर उत्तर अगदी तर्कशुद्ध होते. मराठीत एकोणचाळीस म्हणजे चाळिसाला एक उणा, हे मोठ्यांना कधी विचारावे लागत नाही. मुलाला मात्र ऐकलेल्या शब्दात चार आणि लिहिण्यात तीन, असा विसंवाद गाठायचा असतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी नावे रूढ नावांसोबत आली तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला होता. त्या बदलामागे डॉ. मंगला नारळीकर आणि त्यांचे सहकारी होते. मला स्वतःला त्या वेळी तो बदल नकोसा वाटला होता. या मुलीसमोर बसल्यावर माझे मत बदलले.

आम्ही तिच्यासाठी तीन पायऱ्या केल्या. तुरीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले. तीन गठ्ठे आणि नऊ सुट्या काड्या म्हणजे आधी ‘तीस नऊ’. मग त्यात एक काडी घालून चौथा गठ्ठा बांधायचा आणि ती काडी पुन्हा काढून घ्यायची : चाळिसाला एक कमी, एकोणचाळीस. हे तिने एकोणीस, एकोणतीस, एकोणपन्नास असे पुढे स्वतःच करून पाहिले, आणि एकोणनव्वदपर्यंत आल्यावर पुढे एकोणशंभर म्हणाली. तेथे नव्व्याण्णव म्हणतात, हे ऐकून ती नाराज झाली. देवनागरी व इंग्रजी अंकांचा घोळ निस्तरण्यासाठी दोन्हींचे पत्ते शेजारी शेजारी भिंतीवर लावले. तो तीन आठवड्यांत संपला.

गुणाकाराची वेळ आली तेव्हा जुन्या बागेची कापणी चालू होती. घडाच्या फणीत केळी दोन ओळींत असतात. वडिलांनी एक फणी तिच्यापुढे ठेवली. तिने वरच्या ओळीत आठ, खालच्या ओळीत आठ मोजली आणि सोळा म्हणाली. पुढच्या फणीत पंधरा निघाली, तेव्हा एका ओळीत एक कमी, हे तिने मोजण्याआधी ओळखले. दुप्पट, निम्मे, सम आणि विषम या चारही गोष्टी त्या दुपारी बागेत झाल्या; पाढे पाठ करणे त्यानंतर सुरू केले, आधी नाही.

श्रावणात कानबाई, म्हणजे खानदेशात घरोघरी बसवली जाणारी देवी, आली. नागपंचमीनंतरच्या रविवारी या घरात कानबाई बसते आणि रोटांसाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्यासाठी, आजी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. वडील, काका, सुरतेचे चुलत आजोबा आणि धाकटा भाऊ, अशी चार नावे झाली. पुढच्या आठवड्यात आईंनी वाटी आणि ज्वारी घेऊन तेच पुन्हा केले : एक वाटी आणि पाव वाटी, असे चार वेळा. चार पाव मिळून एक पूर्ण वाटी होते आणि चार सव्वा म्हणजे पाच, हे मुलीला आईंनी सांगावे लागले नाही. त्यानंतर तिने विचारले, ‘‘मनी मूठ कोठे शे?’’ (माझी मूठ कोठे आहे?) आजी काही बोलल्या नाहीत, आईही बोलल्या नाहीत. तो प्रश्न डाव्या पानावर लिहिला गेला. उजवे पान आईंनी कोरे ठेवले, आणि ते कोरेच राहू द्यावे, असे मलाही वाटले.

वावराची वही

या वहीत रोज एक नोंद, एवढीच अपेक्षा होती : चित्र, वाळलेले पान, पावसाचा दिवस, काहीही. माझ्या अपेक्षेपेक्षा ती फार पुढे गेली. वडिलांनी त्या जूनमध्ये मृगबाग, म्हणजे पावसाच्या तोंडावर लावायची केळीची बाग, लावली होती. मुलीने विहिरीजवळची पाच झाडे आपली म्हणून निवडली आणि नवा पोंगा (गुंडाळलेले कोवळे पान) उलगडला की त्या पानाच्या देठाला रंगीत दोरा बांधून तारीख लिहायची, असे ठरले. श्रावण-भाद्रपदात सहा-सात दिवसांनी पान येत होते. मार्गशीर्षात अंतर वाढू लागले. पौषात एका झाडाने पंधरा दिवस पान दिले नाही, तेव्हा ते मेले असावे म्हणून ती रडत घरी आली.

वडील तिला घेऊन बागेत गेले. थंडी पडली की केळीची वाढ मंदावते, झाड मरत नाही, थांबते, हे त्यांनी सांगितले. मग बाजारातून साधा तापमापक आणला, आणि पाच झाडांच्या पानांच्या अंतरांशेजारी सकाळचे तापमान लिहिले जाऊ लागले. चौकटींच्या कागदावर एक दिवस म्हणजे एक चौकट अशा रंगवलेल्या पट्ट्या तिने भिंतीवर लावल्या. थंडीच्या पट्ट्या लांब आणि पावसाळ्याच्या आखूड. केळी पिकवणाऱ्या घरात जन्मलेल्या मुलीला हे उद्या-परवा कळलेच असते. पण मोजून ठेवलेल्या नोंदींतून आपल्याला काही कळते, हा अनुभव तिला सातव्या वर्षी आला. इंग्रजीच्या दहा मिनिटांपलीकडे मुलीच्या अभ्यासात आपले काही काम नाही, असे समजणारे वडील त्या महिन्यापासून रोज संध्याकाळी वही मागून पाहू लागले.

सोबत, नोंदी आणि राहिलेले

घरी शिकणाऱ्या मुलाला सोबत मिळत नाही, हा आक्षेप खरा आहे आणि त्याला गोड उत्तर नसते. मुख्याध्यापकांनी मोठ्या मनाने शनिवारच्या सकाळच्या शाळेत परिपाठाला व खेळाला तिला येऊन बसू दिले. पहिले चार शनिवार ती आजींचा पदर धरून ओट्यावर बसली. पाचव्या शनिवारी लगोरीत एक भिडू कमी पडला आणि मुलींनी तिला ओढून नेले. मला विचाराल तर शाळेत परत जाण्याची तयारी त्या शनिवारांनी केली, आमच्या आखणीचा त्यात फारसा वाटा नाही.

नोंदी थोड्याच ठेवल्या. आठवड्याला एक पान आणि प्रत्येक सहा आठवड्यांच्या शेवटी फोनवर एक मिनिटाच्या वाचनाचे ध्वनिमुद्रण. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचणे हे लक्ष्य आहे. ते मी आईंना मुद्दाम उशिरा, जानेवारीत सांगितले, कारण आधी सांगितले असते तर घड्याळ घेऊन त्या रोज बसल्या असत्या. एप्रिलच्या शेवटच्या मुद्रणात मुलीने अनोळखी उताऱ्यातील ४१ शब्द वाचले आणि उताऱ्यातील बकरी का हरवली, हे स्वतःच्या शब्दांत सांगितले. लक्ष्याला चार शब्द कमी पडले. जुलैत २२ अक्षरे होती.

जे जमले नाही तेही लिहायला हवे. तिचे हस्ताक्षर जुन्या वह्यांपेक्षा बिघडले आहे; पूर्वी ती उतरवत होती, आता लिहिते, तरी रेघ सोडून जाण्याची सवय काढायला हवी होती आणि ती राहिली. जोडाक्षरांपैकी रफार अजून चुकतो. इंग्रजी वाचन दिवाळीनंतर सुरू केले, पण फेब्रुवारीत कापसाची शेवटची वेचणी आणि घरातले एक लग्न यांत ते सुटले ते सुटलेच. आईंची वर्षभर शारीरिक ओढाताण फार झाली. डिसेंबरमध्ये त्या तापाने आठ दिवस पडून होत्या, तेव्हा अभ्यास आजींची गाणी आणि वडिलांचे पान मोजणे यांवर निभावला. दुसरे वर्ष असेच काढा, असे मी त्यांना सांगू शकले नसते. वडिलांना मात्र आता घरीच ठेवावे असे वाटू लागले होते. मी त्यांना जूनमध्ये लिहून ठेवलेले आईंचे वाक्य दाखवले आणि निर्णय त्यांच्यावर सोपवला.

या जूनमध्ये मुलगी गावच्या शाळेत तिसरीत दाखल झाली. दाखल्याचा प्रश्न तोवर सुटला होता. विशेष प्रशिक्षणासाठी मुख्याध्यापकांनी मला, हिला काय काय द्यावे लागेल, असे विचारले. मी एका पानावर लिहून दिले : हातच्याची वजाबाकी, रफार, इंग्रजी अक्षरे, रेघेवर लिहिणे, आणि खाली, ही मुलगी प्रश्न अहिराणीत विचारते, तो पूर्ण ऐकून घ्यावा. पहिल्या दिवशी तिने दप्तरात वावराची वही नेली. पाच झाडांपैकी तीन आता निसवली आहेत, म्हणजे त्यांना केळफूल आले आहे, आणि उरलेल्या दोन झाडांची पाने ती शाळा सुटल्यावर मोजते.